बंद बटनाचा उजेड

मिरची पथारीवर पडली की आमच्या गावात कोणाचंच बोलणं कोणाला धड पूर्ण ऐकू येत नाही. वाक्य निम्म्यावर आलं की सांगणाऱ्याला ठसका लागतो, नाहीतर ऐकणाऱ्याला. नंदुरबारच्या आसपास राहणाऱ्याला हे समजवायला नको. बाहेरच्यांसाठी सांगतो. थंडी पडली की गावाबाहेरच्या मोकळ्या जमिनीवर ओली लाल मिरची वाळत घालतात, तिला पथारी म्हणतात. वारा तिकडून इकडे वळला की घराघरात शिंका सुरू होतात. देवळातली आरतीसुद्धा शिंकत शिंकत पुरी होते.

यंदा तो वास आला आणि त्याच आठवड्यात आमच्या घरातले पिवळे बल्ब संपले. म्हणजे दोन उडाले आणि तसले नवे मिळेनात. दुकानदार म्हणाला, तो माल आता येत नाही. मी आणखी दोन दुकानं फिरलो. मला एका दुकानदाराने सांगितलेलं खरं मानायची सवय नाही. तिथेही तेच. शेवटी आमची सून वैशाली बाजारातून एक पिशवी भरून एलईडी बल्ब घेऊन आली. म्हणाली, "आबा, आता सगळ्या घरात हेच लावून टाका. एकदाच."

एकदाच कुठलं! पहिल्या खेपेचे बल्ब चुडीचे निघाले, बाटलीच्या बुचासारखे फिरवून बसवायचे. आमच्या घरातले होल्डर दोन खाचांचे, पिनांचे. मी तरी दाबून पाहिलं. वैशाली म्हणाली, "आबा, ते बसणार नाहीत." हे कोणी सांगितलं की मी हमखास आणखी दोनदा दाबून बघतो. मग ती पिशवी परत गेली आणि पिनांचे बल्ब आले. ते जुन्या बल्बपेक्षा मानेला जड. माझ्या होल्डरांच्या स्प्रिंगा म्हाताऱ्या झालेल्या, त्यामुळे ओट्यावरचा बल्ब मान टाकून लटकला आणि दार आपटलं की डोळे मिचकावू लागला. तांब्याची तार वेढून मी तो सरळ केला. अजून सरळ आहे.

खरी गंमत पुढे झाली. दिवेलागणीला ओसरीत मिरचीचे देठ खुडायला बाया बसल्या होत्या. मी मोठ्या ऐटीत नवा बल्ब लावला. पांढरा लख्ख उजेड पडला आणि मी मिरचीच्या ढिगाकडे बघितलं. सगळी मिरची विटकरी दिसत होती, धुरकट, मागल्या वर्षाची असावी तशी. मी बायांवर ओरडलो, हा माल कुठून उचलून आणला म्हणून. माझी बायको जमना म्हणाली, "सकायले दखा. आते बोलू नका."

सकाळी उन्हात तीच मिरची लालभडक. मी एक मिरची घेऊन आत गेलो, पांढऱ्या बल्बखाली धरली, विटकरी. उरलेल्या एका पिवळ्या बल्बखाली धरली, तर उन्हापेक्षाही लाल. बाहेर गेलो, आत आलो, पुन्हा बाहेर गेलो. शेजारचे लोक बघत होते की आबा सकाळी सकाळी एक मिरची हातात घेऊन का फिरतोय. पण मला खरंच कळेना. एवढी वर्षं पिवळ्या उजेडात मी माझा माल पाहिला आणि छाती फुगवली, त्यात मिरचीची लाली किती आणि बल्बची किती? मिरचीचा स्वतःचा रंग तरी कोणता? वैशाली म्हणाली, उन्हात दिसतो तो. असेलही. पण सकाळचं ऊन निराळं आणि माघातलं दुपारचं ऊन निराळं. आता आम्ही मिरची दिवसाच निवडतो.

मग कोंबडीची पिल्लं. थंडीत पिल्लांवर डालगं पालथं घालून आत बल्ब सोडायची जमनाची रीत. बल्बच्या उबेला पिल्लं गोल करून झोपतात. तिने नवा बल्ब सोडला. थोड्या वेळाने बघितलं तर पिल्लं उजेडापासून लांब, एकमेकांवर चढून थरथरत होती. जमनाने डालग्यात हात घातला, बल्बला बोटं लावली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "हाऊ उजेड थंडा शे."

मला ते वाक्य फार आवडलं. कोणी मोठ्या माणसाने म्हटलं असतं तर लोकांनी लिहून ठेवलं असतं. चिमणीचा उजेड असो, कंदिलाचा असो, चुलीचा असो, माझ्या सगळ्या जन्मात उजेड आणि ऊब बरोबरच यायची. दिव्याजवळ हात नेला की गरम लागायचंच. ही पहिलीच जोडी फुटलेली पाहिली. शेवटचा पिवळा बल्ब तेव्हापासून पिल्लांचा झाला. तो त्यांच्यासाठीच राखून ठेवलाय.

जुना बल्ब उडाला की मी तो कानाशी धरून हलवायचो. आत तार तुटली असली की बारीक किणकिण व्हायची. अलगद हलवत राहिलं तर कधी कधी तुटलेलं टोक परत तारेवर जाऊन बसायचं आणि बल्ब आणखी पंधरा दिवस चालायचा. नवा बल्ब हलवला तर आत काहीच बोलत नाही. मेला की मुक्याने मरतो.

विहिरीवरच्या खोलीत तर त्याने मला फसवलंच. तिथे आम्ही मोटर लावायच्या आधी बल्ब बघायचो. बल्ब तांबूस, मिणमिणता असला की लाइट कमी आहे, मोटर लावायची नाही. पांढरट पेटला की लावायची. घड्याळापेक्षा त्या बल्बवर माझा भरवसा. तिथे नवा बल्ब लावला. लाइट कमी असो की पुरती असो, हा आपला तसाच लख्ख. मी मोटर लावली. ती फिरायच्या ऐवजी नुसती घुमायला लागली आणि जळका वास सुटला. पळत जाऊन बंद केली म्हणून वाचली. तेव्हा मनात आलं, हा बल्ब थोडक्यात भागवणारा आहे. जुन्याला पोटभर मिळालं नाही की त्याचं तोंड उतरायचं, सगळ्यांना दिसायचं. हा उपाशी असला तरी कळू देत नाही. जी वीज जुन्याला जागंही करायची नाही, तेवढ्या थेंबभर विजेवरही हा जगतो.

हे मला त्या दिवशी नुसतं मनाशी म्हणायला बरं वाटलं. त्याचा पुढचा अर्थ आमच्या कोठीत कळायचा होता.

कोठी म्हणजे घराच्या मागची मिरची ठेवायची खोली. तिला खिडकी नाही. ओल येऊ नये म्हणून मुद्दामच ठेवली नाही. एका दुपारी मी पोती मोजून बटन बंद केलं, दार ओढून घेतलं आणि आत चष्मा राहिला म्हणून परत उघडलं. दारापुढे पोत्यांची थप्पी होती, उजेड आत पोचत नव्हता. तर वर बल्ब पेटलेला. पूर्ण नाही. ताक घुसळून ठेवलं की वर पांढुरकी निवळ येते, तसला फिकट उजेड. बटन बघितलं, बंद. परत लावलं, बंद केलं. तो तसाच. बटन बंद असताना बल्बला खायला कोण घालत होतं?

मी पोत्यावर बसून बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिलो. भीती नाही वाटली. नवल वाटलं. मग ठरवलं, बल्ब खराब आहे.

दुकानदाराने दुसरा बदलून दिला. तोही तसाच. परत गेलो. तेव्हा तो म्हणाला, "आबा, बल्ब बराबर शे. घरमा वायरिंग उलटी व्हई. कोण करेल शे?"

आता बघा. वायरिंग कोणी केली, या प्रश्नाला गेली तीसेक वर्षं माझं उत्तर तयार असतं. मी चौथी शिकलेला माणूस, पण माझ्या घराची वायरिंग मी माझ्या हाताने केली. गावात वायरमन आला होता त्याच्या मागे महिनाभर फिरलो, नुसतं बघून शिकलो. लाकडी पट्ट्या, त्यावर पत्र्याच्या क्लिपा, लाल तार, काळी तार. पाहुणा आला की मी त्याला आधी पट्ट्या दाखवायचो, मग पाणी द्यायचो. आणि त्या दिवशी दुकानात माझ्या तोंडून निघालं, "जुनी शे." एवढंच. मी केली, हे दोन शब्द आलेच नाहीत.

घरी येऊन मी कोठीतला बल्ब काढून ठेवला. जमनाने विचारलं तर म्हणालो, खराब निघाला.

पण मनातून जाईना. वायरिंग उलटी कशी असेल? त्या वायरमनने एकच गोष्ट घोकून घेतली होती : लाल तार जिवंत, तिला हात लावायचा नाही. ती मी इतकी मनावर घेतली की घरात वायरिंग करताना लाल तार मी खाली उतरवलीच नाही. ती वरच्या वर, छताच्या कडेने, सरळ बल्बला नेली. बटनापाशी फक्त काळी आणली, गरीब तार. कारण बटनाला सगळ्यांचे हात लागणार. आमचा मुलगा सुनील तेव्हा रांगत होता, भिंत धरून उभा राहायचा. मारणारी तार त्याच्या हातापासून जितकी लांब तितकी बरी. वायरमनच्या डोक्यात नाही आलं ते माझ्या डोक्यात आलं, असं वाटायचं मला. बटन दाबलं की बल्ब लागायचा, परत दाबलं की विझायचा. आणखी काय पाहिजे?

आता पोत्यावर बसून मी पहिल्यांदा ती तार डोळ्यांपुढे उलटी चालत नेली. बटन बंद केलं की तुटते ती काळी. लाल तर वर तशीच, होल्डरपर्यंत जिवंत. बटन बंद असलं तरी. रात्रंदिवस. पिवळ्या बल्बला त्या चोरट्या थेंबाने काही व्हायचं नाही, म्हणून त्याने तीस वर्षं चहाडी केली नाही. याने पहिल्याच दिवशी केली.

आणि मग मला तो हंगाम आठवला. खोटं कशाला बोलू, तो मला आधीच आठवला होता. मी त्याला दाराबाहेर उभं करून ठेवलं होतं.

त्या वर्षी मिरची अशी आली होती की पथारी कमी पडली. आणि ऐन वाळवणात आभाळ भरून आलं. थंडीतला पाऊस, ज्याची कोणी वाट बघत नाही. दुपारीच अंधारून आलं. आम्ही सगळे घमेली, पोती, लुगडी, हाताला येईल त्यात मिरची भरून घराकडे पळत होतो. ओल्या मिरचीचा वास वाळलेलीपेक्षा वेगळा असतो, गोडसर, आंबूस. तो वास आला की आजही माझे पाय पळायला बघतात. कोठीत मिरचीचा ढीग, जमीन चिखलाची, भिंती पाझरत होत्या. अशात आतला बल्ब गेला. मी पथारीवर होतो. जमना नवा बल्ब घेऊन ढिगावर चढली, अनवाणी. डावा हात तिने भिंतीला टेकवला. होल्डरमध्ये मिरचीची भुकटी बसली होती, ती पुसायला तिने उजव्या हाताचं बोट आत घातलं.

मी आलो तेव्हा ती ढिगाच्या पायथ्याशी पडलेली होती, डावं मनगट अंगाखाली. माझ्या तोंडून पहिला शब्द काय निघाला? लागलं का, हा नाही. मी ओरडलो, "ओला हात लावना व्हई तू!"

ती म्हणाली, "बटन बंद करेल व्हतं मी."

"बंद बटनमा करंट येस का कधी?"

"बंद व्हतं."

मजूर बाया बघत होत्या. मी हसलो. त्या दिवसभरात तिने ते तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा हाड बसवणारा तिच्या मनगटाला बांबूच्या पट्ट्या बांधत होता आणि मी त्यालाही म्हणालो, बायांना बटन आणि बल्ब यातलं काय कळतं. त्यानंतर ती ते कधीच बोलली नाही. मनगट थोडं वाकडंच बसलं. अजून भाकरी थापताना डावा हात जरा तिरका पडतो.

आणखी एक लिहितो, नाहीतर हे सगळं लिहून उपयोग नाही. त्या दिवशी तिला उचलल्यावर मी बटनाकडे बघितलं होतं. ते बंद होतं. मी माझ्या मनाला सांगितलं, गडबडीत कोणीतरी नंतर बंद केलं असेल.

तेव्हापासून जमना बटनाला बोट लावत नाही. दाराशेजारच्या खिळ्यावर तुरीची वाळकी काठी टांगलेली असते, तिने बटन दाबते. काठी मोडली की पुढच्या तुरीतून नवी निवडून आणते. पाहुण्यांपुढे मी त्यावर विनोद करत आलो. सुनील लहान असताना तोही हसायचा. आता तो सुरतेला कामाला आहे, फोनवर कधी विचारतो, मायनी काठी शे का अजून? आम्ही दोघं हसतो. जमनाही हसायची. ती का हसायची, हे मी कधी स्वतःला विचारलं नाही.

टेस्टर माझ्याकडे आहे, लाल मुठीचा. दुसऱ्या दिवशी घरात कोणी नसताना मी कोठीतलं बटन बंद केलं, लाकडी स्टुलावर चढलो आणि रिकाम्या होल्डरच्या पिनेला टेस्टर लावला. पेटला. ओसरीत गेलो, बटन बंद, टेस्टर पेटला. स्वयंपाकघरात पेटला. देवघरात पेटला. जिथे जिथे मी माझ्या हाताने पट्ट्या ठोकल्या होत्या तिथे तिथे तो इवलासा नारिंगी दिवा मला दिसत गेला.

जमना अंगणात देठ खुडत बसली होती. मी समोर जाऊन बसलो. एक मिरची घेतली, देठ तोडला. ती म्हणाली, "डोया पुसू नका आते, हात तिखट व्हयनात."

मी म्हणालो, "जमना, त्या दिनले बटन बंद व्हतं."

"कोणता दिनले?"

"पाणी पडनं व्हतं. कोठीमा."

तिचा हात थांबला नाही. "मंग मी काय सांगं व्हतं?"

"लाल तार उलटी शे. सगळा घरमा."

"कोण लायेल शे?"

"मी."

"वायरमननी नही?"

"नही. मी."

तिला ठसका लागला. डोळ्यांना पाणी आलं, ते मिरचीचं होतं की कशाचं मी विचारलं नाही. पदराने तोंड पुसून ती परत म्हणाली, "ऐकू नही उनं. कोण?"

तिला ऐकू आलं होतं. तरी मी तिसऱ्यांदा सांगितलं. "मी लायेल शे, मी."

"बरं," ती म्हणाली. "मंग नीट करा. बोलत नका बसू."

वैशाली म्हणाली, आबा, वायरमन बोलवा. मी म्हणालो, ज्याने बिघडवलं तो नीट करेल, वायरमनने मागून येऊन बघावं. यावर बरीच ओढाताण झाली. शेवटी जमनाने तोडगा काढला. मेनपाशी जाऊन तिने काठीने खटका पाडला, पांढरा चिनी मातीचा फ्यूज माझ्याकडून काढून घेतला आणि पदराच्या टोकात गाठ मारून बांधला. "काम व्हस नही तवलोंग हाऊ मी कोणले देस नही. तुमलेबी नही." मग ती माझ्या शेजारी पाटावर बसून राहिली, गाठ मुठीत धरून.

काम किती होतं म्हणता? मेनपाशी फ्यूजच्या पुढे घरात जाणाऱ्या दोन तारा होत्या. त्यांची अदलाबदल करायची, म्हणजे जिवंत तार बटनापाशी येते आणि बटन बंद केलं की होल्डरपर्यंत काही पोचत नाही. दोन स्क्रू. गंजले होते म्हणून वेळ लागला, नाहीतर चहा उकळायच्या आत झालं असतं. मी ते दोन स्क्रू आवळले. एवढ्याशा गोष्टीवर माझी सगळी मिजास टांगलेली होती. आणि तिचं मनगटही.

दुसऱ्या दिवशी वायरमन येऊन बघून गेला. बरोबर आहे म्हणाला. जाताना म्हणाला, पहिल्यांदा ज्याने केली त्याने पट्ट्या मात्र झकास मारल्यात. वैशालीने माझ्याकडे बघितलं.

मग कोठीतला बल्ब परत लावायचा राहिला होता. मी स्टुलावर चढलो. बाहेर मिरचीची नवी खेप येत होती, घमेल्यांचा आवाज, शिंका. होल्डरमध्ये लाल भुकटी बसलेली दिसत होती, त्या वर्षासारखीच. जमना दारात बटनापाशी उभी होती. काठी तिच्या हातात होती. ती सुटायला वेळ लागेल, किंवा सुटणारही नाही.

मी वरून विचारलं, "बटन बंद शे का?"

"बंद शे," ती म्हणाली.

टेस्टर माझ्या वरच्या खिशात होता. तो मी तिथेच राहू दिला, आणि होल्डर पुसायला बोट आत घातलं.